मूल कुणी उचललं

स्कोफिल्ड्स, सिडनी
९ फेब्रुवारी २०२५

मार्सेलिन,

अक्षर बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मीच आहे, तुझ्या कुंपणापलीकडची फिलोमिना. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण हाकेच्या अंतरावर राहत होते आणि हाकही मारायची नव्हती. आता लिहिते ते माझ्या पोरीनं, व्हॅलेरीनं टुमणं लावलं म्हणून. ती म्हणत होती फोन कर. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फोनवर तू काय म्हणतेस ते मला ऐकू येणार नाही, आणि मी काय म्हणते ते इथली सगळी गल्ली ऐकेल. व्हॉट्सअ‍ॅप पोरीच्या हातात असतं, म्हणून तेही नको. चौथीपर्यंत शिकले त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

व्हॅलेरीला मुलगी झाली, जानेवारीच्या बारा तारखेला. रंग बापाचा, नाक आजोबांचं, आमच्या पायसचं. नाकाचं आता काही करता येणार नाही.

बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी आहे, २७ एप्रिलला. जावयाला तू पाहिलेलं नाहीस. हाल्वोर नाव, नॉर्वेचा. लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस बरा आहे, पण काहीही सांगितलं की ‘नो वरीज, आई’ म्हणतो आणि स्वतःला पाहिजे तेच करतो. परवा जेवताना म्हणाला, मुलीला सहा फाद्दर असतील. मी म्हटलं, आमच्या अख्ख्या गावाला एक फादर पुरतो, तोही जेवणाच्या वेळी हटकून येतो, तू सहा कुठं बसवणार? व्हॅलेरी हसत सुटली. त्यांच्याकडे गॉडफादर, गॉडमदर दोघांनाही तो एकच शब्द आहे, बाई असो की बुवा. कमीत कमी दोन लागतात आणि सहापर्यंत चालतात. इथले फादर म्हणाले, आमच्यात दोनच. शेवटी ठरलं ते असं, की वहीत दोन जणांची नावं, उरलेले चार साक्षीला उभे राहतील आणि जेवून जातील.

आता मुद्द्याचं. व्हॅलेरीचं म्हणणं, त्या दोघांतली बाई तू असावीस. तिची गॉडमदर तू, तिच्या मुलीचीही तूच. तुला येता आलं नाही तर तुझ्या वतीनं दुसरी कुणी मूल धरू शकते, असं फादरांनी सांगितलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी मला एक उत्तर पाहिजे.

व्हॅलेरी झाली तेव्हा सासूनं मला चाळीस दिवस उंबरठा ओलांडू दिला नाही. मुलीला चर्चमध्ये तू नेलंस. दारातून निघताना मी तुला सांगितलं होतं, नाव रोजा. माझ्या आईचं नाव. एकदा नाही, तीनदा सांगितलं. तू रोजाला घेऊन गेलीस आणि दोन तासांनी व्हॅलेरीला घेऊन आलीस. मी विचारलं तर म्हणालीस, फादरांनी तसं लिहिलं. फादर स्वतःच्या मनानं लिहीत नाहीत, समोरचा सांगतो ते लिहितात, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी तांदूळ-मिठापुरतं बोलले, पुढे तेही थांबवलं.

या मुलीचं नाव रोजा ठेवणार आहेत. पोरीनं आपणहून ठरवलं, मी सुचवलेलं नाही. आणि या वेळी मुलीची आई वेदीसमोर उभी असेल, म्हणजे वाटेत नाव बदलायचं नाही. तेव्हा तू ते का केलंस तेवढं लिही. मग गॉडमदरचं बघू.

फिलोमिना

-

भुईगाव, वसई
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय फिलोमिना,

पत्र पोचलं. पोस्टमन विश्राम म्हणाला, मावशी, ऑस्ट्रेलियाहून आलंय, आणि तिकीट मागून घेऊन गेला. व्हॅलेरीला माझे आशीर्वाद सांग. चाळिशीच्या जवळ आली होती, मला काळजी होती. मी रोज तिच्यासाठी एक माळ जपत होते. तुला सांगितलं नाही, सांगायची सोय कुठं होती.

तुझ्या वाडीवर माझं लक्ष आहे. पानवेली बऱ्या आहेत. बावखलात या वर्षी पाणी टिकलं. तुझ्या दाराची कडी गंजली होती, तिला आमच्या लॉयडनं तेल घातलं.

सहा फाद्दरचं वाचून मी आणि सूनबाई हसलो. सहाजण मुलीला सहा अंगरखे देतात का? की एकच अंगरखा सगळे मिळून? मूल कोण धरतं, ते वाटून घेतात का? तुला माहीत असेल तर लिही, इथं मला विचारायला कुणी नाही. आणि एक शब्द दोघांना कसा पुरतो?

तू विचारलंस त्याचं काय लिहू. फार जुनी गोष्ट. त्या दिवशी चर्चमध्ये गर्दी होती, चार मुलं होती, माझ्या तोंडून ते नाव गेलं. चुकलं असं समज.

पण एक सांगू? या मुलीचं नाव रोजा ठेवू नका. जुनाट वाटतं. तिकडच्या शाळेत मुलं हसतील. आजकाल किती छान छान नावं आहेत. तू पोरीला समजावून सांग, तुझं ती ऐकेल.

गॉडमदर होण्याबद्दल तुम्ही ठरवाल ते. मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
मार्सेलिन

-

स्कोफिल्ड्स
१२ मार्च २०२५

मार्सेलिन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाडीकडे बघतेस त्याबद्दल आभार मानते, कडीला तेल घातल्याबद्दल लॉयडलाही सांग. बाकीचं पत्र मला पटलं नाही.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण ती मलाही पाहिजे होती. हाल्वोरची आई आली आहे, टोरिल. शाळेत शिकवायची, आता रिटायर. माझ्यापेक्षा हातभर उंच. पहिल्या दिवशी मला मिठी मारली तर माझं डोकं तिच्या पोटाशी. मला वाटलं, आता ही मला उचलूनच घेते. दोघींना एकमेकींचं काही कळत नाही, म्हणून आम्ही एकत्र कामं करतो. काल कोळंबी सोलायला बसवली. डोकं कसं मोडायचं ते एकदा दाखवलं, नंतर माझ्यापेक्षा भरभर सोलायला लागली. व्हॅलेरी मुलीला मांडीवर घेऊन मध्ये बसली होती आणि एकीचं दुसरीला सांगत होती. अर्धं गाळत होती, ते मला कळतं.

मी विचारलं, फाद्दर म्हणजे काय?

ती म्हणाली, हा शब्द आमचा नव्हेच. जुन्या काळी जर्मन व्यापारी जहाजांतून यायचे, त्यांच्या तोंडून आमच्याकडे राहिला. त्याच्या मुळाशी गेलं तर अर्थ येतो, बापाबरोबरचा बाप.

मी म्हटलं, मुलीचा दुसरा बाप?

तर म्हणाली, नाही, मुलीचं नातं त्या शब्दात पहिल्यांदा नव्हतंच. मूल धरणारा आणि मुलाचा बाप, या दोघांनी एकमेकांना हाक मारायचा तो शब्द. मूल हे नुसतं निमित्त. पाणी मुलाच्या डोक्यावर पडतं, पण नातेवाईक होतात ती मोठी माणसं.

माझ्या हातातली कोळंबी तशीच राहिली. मार्सेलिन, हे आपलंच नाही का? माझा पायस आणि तुझा नवरा एकमेकांना कुपार म्हणायचे ते कशावरून? आपले लोक कुपारी म्हणवतात तेही पोर्तुगीजांच्या तसल्याच शब्दावरून आलं, असं आपले म्हातारे फादर सांगायचे. खरंखोटं त्यांना ठाऊक. मी टोरिलला हे सांगितलं. व्हॅलेरीनं या वेळी काही गाळलं नसावं, कारण ती बाई उठली, हात धुतले आणि वहीत लिहून घेतलं. बर्फातल्या माणसांना आणि वसईवाल्यांना एकच शब्द, वेगवेगळ्या जहाजांतून आलेला.

अजून बरंच आहे. त्यांच्याकडे कॉलेजात नवीन मुलं आली की जुन्या मुलांना त्यांचे फाद्दर नेमतात. हाल्वोरच्या फाद्दरनं त्याला बिअर कुठं चांगली मिळते ते दाखवलं, दुसरं काही नाही. टोरिल स्वतः कुठल्यातरी दूरच्या देशातल्या एका मुलीची फाद्दर आहे, तिच्या शिक्षणाला पैसे पाठवते, तिला कधी भेटलेली नाही, फोटो पाकिटात घेऊन फिरते. आणि इंग्रजीत चुगल्या करण्याला जो शब्द आहे ना, गॉसिप, तोही पूर्वी बाप्तिस्म्याच्या नातेवाइकांचा होता. बायका बाळंतिणीकडे जमायच्या आणि बोलायच्या, म्हणून शब्दाची अशी गत झाली. यात मला नवल वाटलं नाही.

अंगरखा एकच. मूल एकच बाई धरते, बाकीचे नुसते उभे राहतात. आणि ऐक, त्यांच्याकडेही पूर्वी आई घरीच असायची. मूल दुसरी बाई उचलून न्यायची. टोरिलच्या आजीच्या वेळेपर्यंत तसंच होतं. मी विचारलं, ती बाई वाटेत नाव बदलायची का? टोरिल म्हणाली, असं कोण करेल?

बघ. सात समुद्रांपलीकडची बाई विचारते, असं कोण करेल.

तू लिहितेस, तोंडून गेलं. तुझ्या तोंडून कधी काही जात नाही, तुझं तोंड म्हणजे बँकेचं लॉकर. आणि रोजा जुनाट काय? इथं शेजारच्या चित्रलेखाची नात आहे, तिच्या वर्गात एक एडिथ आहे आणि एक मेबल. आपल्या कब्रस्तानातली सगळी नावं इथं शाळेत जातात. कुणी हसत नाही. तेव्हा ते कारण राहू दे.

खरं कारण मी सांगते. तुला लॉयडच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही. मुलगी पाहिजे होती, झाली नाही. म्हणून माझ्या मुलीवर स्वतःच्या आवडीचं नाव टाकून हौस भागवलीस, आणि आता नातीच्या नावावरही तुझा डोळा आहे. खोटं असेल तर तसं लिही. पण कारण लिही, नाहीतर त्या रविवारी दुसरी बाई मूल धरेल आणि तुझं-माझं जे काही उरलंय तेही संपलं असं समज.

फिलोमिना

-

भुईगाव
२९ मार्च २०२५

फिलोमिना,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही, २७ तारखेच्या आत पोचलं पाहिजे. लॉयडच्या ओळखीचा गुरुदत्त तुमच्या सिडनीत टूनगॅबीला राहतो, सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्याकडे देते. सुकेळीही दिली असती, पण विमानतळावर काढून घेतात म्हणे.

तू हौस म्हणालीस. मुलगी पाहिजे होती हे खरं आहे. बाकीचं खरं नाही. हे लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. मी पायसला शब्द दिला होता. पण तो जाऊन तेरा वर्षं झाली, आणि तू ते नाव पुन्हा ठेवायला निघालीस, म्हणून लिहिते. बसून वाच. व्हॅलेरी जवळ नसताना वाच.

व्हॅलेरीच्या आधीची तुझी मुलगी. चौऱ्याऐंशी साली, नर्सिंग होममध्ये. ती मेलेली जन्मली असं आम्ही तुला सांगितलं. ती जिवंत होती.

तुझं रक्त थांबत नव्हतं. तू शुद्धीवर नव्हतीस. डॉक्टर तुझ्यामागे होते. नर्सनं मुलगी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, ही राहणार नाही, काही करायचं असेल तर करून घ्या. फादरांना बोलवायला वेळ नव्हता. तेव्हा कुणीही पाणी ओतलं तरी चालतं, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं. नर्सनं स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा पेला पुढे केला. पायसनं विचारलं, नाव काय? तू सात महिने मला सांगत होतीस, मुलगी झाली तर रोजा. मी रोजा म्हटलं आणि पाणी ओतलं. नंतर एक अख्खी माळ जपून होईल एवढा वेळ ती माझ्या हातात होती. मी जपले नाही, नुसती बघत होते.

पायस म्हणाला, फिलूला कळलं की ती जगली होती, तर ही खाटेवरून उठायची नाही. मेलेलीच झाली म्हण. मग तो मला म्हणाला, कुपार, हे बाहेर जाता कामा नये. बाईमाणसाला कुणी कुपार म्हणत नाही, पण त्यानं म्हटलं. मी हो म्हणाले. तुझ्या टोरिलनं सांगितलेलं वाचलं तेव्हा तो शब्द मला बरोबर कळला. मुलगी गेली. आम्ही दोघं त्या नात्यात अडकून राहिलो.

फादरांना आम्ही सगळं सांगितलं, त्यांनी वहीत नोंद केली. तिला भिंतीच्या बाजूला पुरलं आहे, पुढे तुझ्या सासूला जिथं पुरलं त्याच्या शेजारी.

पुढे तीन वर्षांनी तू व्हॅलेरीला माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, रोजा. मी वाटेत ठरवलं होतं की तू सांगितलंस तेच म्हणायचं. पण फादरांनी तीच वही उघडली, आणि नाव विचारताना मला ती मागची पानं दिसली. तिथं एक रोजा होती. तिच्या आईला ती माहीत नव्हती. तिच्याजवळ नावाशिवाय दुसरं काही नव्हतं, तेही काढून दुसरीला द्यायचं माझ्या तोंडाला जमलं नाही. फादर थांबले होते. मी व्हॅलेरी म्हटलं. त्या नर्सचं नाव व्हॅलेरी होतं.

पायस माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर तू मला जे बोललीस तेव्हाही बोलला नाही. मला वाटलं होतं, एक दिवस तोच सांगेल.

आता तुला जे वाटेल ते कर.

मार्सेलिन

-

स्कोफिल्ड्स
१६ एप्रिल २०२५

कुपार,

बाईला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि टोरिल म्हणते बाईबुवा एकच, म्हणून हेच लिहिते.

गुरुदत्त पत्र घेऊन आला. त्याला चहा दिला, त्यात साखर घातली की नाही आठवत नाही, बिचाऱ्यानं पिऊन टाकला. मग कपडे धुवायच्या खोलीत गेले, मशीन सुरू केलं आणि वाचलं. मशीन थांबेपर्यंत तिथंच बसले होते. काय केलं ते विचारू नकोस.

पायसशी माझं बोलायचं आहे. ते मी तिकडे गेल्यावर त्याच्याशी बोलेन, त्याला तिथून पळता येणार नाही. तुझ्याबद्दल मी जे बोलत होते ते बहुतेक चुकीचं होतं. बहुतेक लिहिते, कारण दोन-चार गोष्टी अजून खऱ्या आहेत, त्या भेटल्यावर सांगेन.

तरी खाटेवरून मी उठले असते. हे पायसला कळायला पाहिजे होतं आणि तुलाही. मी उठणारी बाई आहे.

सासूच्या कबरीवर दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, माझ्या आधी एक मेणबत्ती पेटलेली असायची. मला वाटायचं, नणंद लावते. नणंदेनं जन्मात आईला पेलाभर पाणी दिलं नाही, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. आता तीन कामं कर. तिथलं गवत काढून घे. चर्चमध्ये जाऊन वहीतल्या त्या पानाची नक्कल घे, व्हॅलेरीच्याही पानाची घे. आणि मला लिही, तिला केस होते का? असतील तर किती? आणि नाक कुणाचं होतं? तू माळेभर बघत होतीस, तुला आठवत असणार. गोड करून लिहू नकोस, होतं तसं लिही.

पोरीला मी सांगितलं, रोजा नाव मिळणार नाही. ती म्हणाली, का? म्हटलं, घरात एक आहे. मग तिला बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. संध्याकाळी तिनं टोरिलला सगळं सांगितलं, काही न गाळता. टोरिल कोळंबी घेऊन आली आणि आम्ही सोलत बसलो. हाल्वोर मला विचारत होता, मग आता नाव काय? आमंत्रणं छापायची आहेत. मी म्हटलं, नो वरीज.

२७ तारखेला गॉडमदर तूच आहेस, फादरांना नाव दिलंय. तू येणार नाहीस, तर तुझ्या वतीनं मूल धरायला बाई पाहिजे. ती मी. व्हॅलेरीचे पाय अजून सुजतात, तिला मी पहिल्या बाकावर बसवणार आहे, वेदीजवळ येऊ देणार नाही. पोरीचं आणि माझं नावाचं ठरलं आहे, तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

तेव्हा या वेळी मूल मी उचलणार आणि तू घरी बसायचंस. कोणतं नाव घेऊन परत येते ते त्या दिवशी आल्यावर लिहीन, पाकिटांवर लिहून ते माझ्या हाताला बसलंय. का ठेवलं, असं विचारायचं नाही.

फिलोमिना